वेंगेनचा नकाशा आणि तीन स्केचपेन

शनिवार

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या शाळांना फास्नाख्टच्या, म्हणजे इथल्या कार्निव्हलच्या, सुमारास दोन आठवडे सुट्टी असते. निम्म्या गावाला पहाटे चारला सुरू होणारे ते ढोल आणि बासऱ्या प्राणप्रिय, उरलेलं निम्मं गाव त्याच ढोलांना भिऊन डोंगरात पळतं. आम्ही पळणाऱ्यांतले. सहा वर्षं इथे राहून एवढं तरी स्थानिक झालो आहोत.

बाझलहून इंटरलाकेन ओस्ट, तिथे गाडी बदलून लाउटरब्रुनेन. ही दरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं होतं, की दोन कोकणकडे कुणीतरी समोरासमोर आणून ठेवलेत आणि मधली जमीन सारवून सपाट केली आहे. सारवणारी हिमनदी होती, हे नंतर कळलं. वेंगेन या दरीच्या वरच्या फळीवर वसलेलं आहे, १,२७४ मीटरवर. मोटारीने तिथे जाता येत नाही. १८९३ पासून चालू असलेली, रुळांच्या मधल्या दातेरी पट्टीला धरून चढणारी छोटी गाडी नेईल तसं जायचं. स्टेशनाबाहेर सामान वाहणाऱ्या विजेच्या बुटक्या गाड्या उभ्या असतात आणि लोक पोरांना घसरगाडीवर बसवून घरी ओढत नेत असतात.

स्की आणि बूट भाड्याने घेतले. दुकानातला मुलगा वजन, उंची, वय विचारतो आणि ‘कितपत येतं?’ हेही. त्यावरून बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग किती घट्ट करायचं ते ठरतं. पडल्यावर ते सुटलं पाहिजे, नाहीतर स्कीबरोबर गुडघाही फिरतो. नवऱ्याने वजन चार किलो कमी सांगितलं. लेकीने तिथेच, भर दुकानात, जर्मनमध्ये दुरुस्ती केली. मग त्याने ‘कितपत येतं’ या रकान्यात स्वतःला एक पायरी वर चढवून घेतलं. त्यावर कुणी काही बोललं नाही.

रात्री खिचडी टाकली आणि टेबलावर उतारांचा नकाशा पसरला. स्वित्झर्लंडमध्ये रंग तीन: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो, इथे ती सवलत नाही. यामागचा हिशोब सरळ आहे. निळ्या उताराची चढण २५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात तर पंचवीस मीटर खाली. लाल ४० टक्क्यांपर्यंत. त्यापुढे काळा. मोकळ्या जागी छोटे टप्पे याहून थोडे तीव्र चालतात, अशीही मुभा आहे. माझं सगळं भांडण त्या ‘थोडे’शी आहे.

दोन वर्षं स्की शिकते आहे. वय सेहेचाळीस. निळ्यावर रडले आहे आणि लालवर गाणं म्हणत उतरले आहे, त्यामुळे नकाशावरचा रंग माझ्या पोटातल्या गोळ्याशी जुळत नाही, ही माझी जुनी तक्रार. ती ऐकून ऐकून अकरा वर्षांच्या लेकीने या वेळी तीन स्केचपेन आणले होते. दर संध्याकाळी आईने उतरलेली वाट आईला जशी वाटली तशी रंगवायची. नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात तिने ‘आईचा नकाशा’ असं देवनागरीत लिहिलं. ‘नकाशा’तला ‘श’ उलटा आला, पण आला.

रविवार

सकाळी गावाच्या मधोमध असलेल्या शिकाऊ उतारावर. आजूबाजूला हॉटेलं, घरं, आणि मधे पांढरं अंगण. वर जायला चालता पट्टा. विमानतळावर असतो तसा, फक्त बर्फातला. माझ्याबरोबर पट्ट्यावर चार वर्षांची मुलं उभी होती, त्यांच्या अंगावर अंक लिहिलेल्या बंड्या. त्यांच्या परीक्षांनाही हेच तीन रंग आहेत: आधी निळा राजपुत्र, मग निळा राजा, मग निळा तारा, की पुन्हा लालपासून सुरुवात. एक राजपुत्र वाटेत बसून बर्फ खात होता.

मी दोन तासांची शिकवणी लावली होती. थांबण्याची पहिली रीत म्हणजे स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करायच्या. जर्मनमध्ये त्याला नांगर म्हणतात, आणि मुलांना सांगताना पिझ्झा. त्रिकोणी तुकडा म्हणून. समांतर स्की म्हणजे पोमेस, बटाट्याच्या तळलेल्या काड्या. शिक्षक मला ‘पिझ्झा! पिझ्झा!’ असं ओरडत होते आणि मला आमच्या शेतातला नांगर आठवत होता, कारण मी बर्फात खरोखर तास पाडत होते.

गोष्ट अशी आहे, की भीती वाटली की शरीर डोंगराकडे, मागे झुकतं. चालताना ते बरोबर असतं, आपण आयुष्यभर तसेच गड उतरलो. इथे मागे झुकलं की वजन स्कीच्या शेपटीवर जातं, पुढची टोकं हलकी होतात, हलकी टोकं वळत नाहीत, आणि वळली नाहीत की वेग वाढतो. मग आणखी भीती, मग आणखी मागे. सुटका एकच: नडगी बुटाच्या जिभेवर दाबायची आणि छाती दरीकडे न्यायची. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याच अंगावर जायचं. हे डोक्याला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. नडगीला रविवारी सकाळी साडेअकराला कळलं.

दुपारी टी-बार. ही उलट्या ‘टी’च्या आकाराची दांडी दोरावर लोंबत येते आणि तुम्हाला मागून ढकलत वर नेते. तिच्यावर बसायचं नसतं. मी बसले. सगळेच पहिल्यांदा बसतात. दांडी खाली जाते, आपणही जातो, मागची रांग थांबते आणि माणूस येऊन लिफ्ट बंद करतो. लेकीने नकाशावर लिफ्टची रेघही काळी केली. लिफ्टा खेळात धरायच्या नाहीत असं ठरलं होतं, पण मी हरकत घेतली नाही.

सोमवार

ऊन. गावातून केबलकारने मेनलिशन, सव्वादोन हजार मीटरच्या जवळपास. बाहेर पडलं की समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने. पर्यटन कंपन्यांच्या कॅलेंडरवर तेच तिघे असतात, तरी मी दरवेळी तोंड उघडं टाकून उभी राहते.

मेनलिशनचे उतार रुंद आहेत, आणि नवशिक्याला रुंदी मिळाली की निम्मं भय जातं. उतार तीव्र असला तरी तुम्ही आडवे जात राहू शकता. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश, तिथे एक वळण, परत इकडे. रात्री यंत्रांनी बर्फ विंचरून ठेवलेला असतो, त्याच्या बारीक समांतर रेघांवर स्कीची धार लागली की कापड फाडल्यासारखा आवाज येतो. मी तीनदा वर-खाली केलं. तिसऱ्यांदा खाली आल्यावर लेक म्हणाली, “आई, मधला सगळा लाल होता. मुद्दाम सांगितलं नाही.” मी वळून पाहिलं. खांबावरची गोल पाटी लालच होती. गंमत म्हणजे मग चौथ्यांदा गेले तेव्हा त्याच ठिकाणी पाय कापले.

जेवणानंतर नवऱ्याच्या आग्रहाने थेट ग्रिंडेलवाल्डपर्यंत. जवळजवळ बाराशे ऐंशी मीटरची उतरण, लांबच लांब. वर कुरकुरीत बर्फ, मधे मऊ, खाली साडेनऊशे मीटरवर दुपारच्या उन्हात शिरा झालेला. शिऱ्यात स्की रुतते, मांड्या पेटतात. शेवटची दहा मिनिटं मी कुठल्या रंगावर होते ते विचारू नका, मी फक्त खालचं स्टेशन बघत होते.

तिथून आयगर एक्सप्रेस. डिसेंबर २०२० मध्ये सुरू झालेली ही गंडोला, एका डब्यात सव्वीस जण, पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्टेशनात. वाटेत आयगरची उत्तर भिंत काचेजवळ येते. ती १९३८ मध्ये पहिल्यांदा चढली गेली, त्याआधी कित्येकांनी तिथे जीव गमावला होता. आमच्या डब्यात युंगफ्राउयोखला, त्याहून वरच्या रेल्वे स्टेशनाला, निघालेलं एक कोल्हापूरकर कुटुंब होतं. माझं “अगं, हेल्मेट काढ” ऐकून काकूंनी मान वळवली.

“मराठी व्हय? बरं झालं.” मग माझ्या पायाकडे बघत, “हे असलं जड घालून उतरता? आणि थांबता कसं?”

दोन वर्षांत मला मैत्रिणींनी थंडी, खर्च, फोटो, पडणं याबद्दल विचारलं. थांबण्याबद्दल कुणीच नाही. मी त्यांना डब्यातच बुटाची टोकं जवळ करून नांगर दाखवला.

“थांबता येतं न्हवं आता?”

“येतं.”

“मग झालं की!”

त्या वरच्या गाडीत चढल्या. आयगरग्लेचरहून खाली लाल वाट आहे आणि काळीही. मी क्लायनं शायडेगला जाणाऱ्या गाडीत बसले. थांबता येतंच होतं, म्हणून थांबले.

मंगळवार

सकाळी खिडकीबाहेर काहीच नव्हतं. समोरचं हॉटेल गेलं होतं, आयगर तर कालच स्वप्नात पाहिल्यासारखा. बारीक बर्फ पडत होता. वाऱ्यामुळे वरच्या काही लिफ्टा बंद होत्या, पण गाडी चालू होती. गाडी क्लायनं शायडेगला, २,०६१ मीटरवर, गेली आणि आम्हीही गेलो. कॉफी प्यायलो. आणखी एक प्यायलो. धुकं तसंच. मग नवरा म्हणाला, “निळीच तर आहे.”

क्लायनं शायडेगहून वेंगेनला उतरणारी ही निळी वाट रेल्वेच्या सोबतीने जाते. उन्हात ती फिरायला जाण्यासारखी असते. त्या दिवशी निघाल्यावर पहिल्या मिनिटातच मला कळेना की मी चालते आहे की उभी आहे. सावली नाही की उंचवटे दिसत नाहीत. बर्फ पांढरा, हवा पांढरी, आणि त्यांच्यामधली रेघ कुणीतरी पुसलेली. एका ठिकाणी मी थांबले आहे अशी खात्री झाल्यावर स्की माझ्याखालून निघून गेल्या, म्हणजे मी सरकतच होते. दुसऱ्या ठिकाणी वेगात आहे असं समजून जोरात नांगर लावला आणि उभ्याउभ्या बाजूला कोसळले. पोटात ढवळायला लागलं, होडीत होतं तसं.

अशा वेळी कडेचे खांब कामाला येतात. एका खांबापाशी जायचं, पुढचा दिसेपर्यंत थांबायचं. लेक पुढे जाऊन खांबापाशी उभी राही आणि “इथे खड्डा आहे, आई! इथून डावीकडे!” असं ओरडे. तिच्या पहिल्या पावलांच्या वेळी मी हेच करत होते. फरक इतकाच, की तेव्हा मी कंटाळत नव्हते आणि ती मधूनमधून जांभई देत होती.

वेंगेनआल्प स्टेशनाच्या खाली झाडं सुरू झाली. झाडं आली की काळं-पांढरं दिसायला लागतं आणि जिवात जीव येतो, म्हणून धुक्यात लोक झाडीतल्या वाटा धरतात. मी सुस्कारा सोडला, आणि वाट अरुंद झाली.

डोंगराच्या कुशीतून कापलेला रस्ता, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खाली जाणारी झाडं. टक्केवारीने अगदी सौम्य. पण आडवं जायला जागा नाही, म्हणजे वेग मारण्याची माझी एकमेव युक्ती बाद. आदल्या दिवशी उन्हाने वितळलेला बर्फ रात्री गोठून काच झाला होता, वर बोटभर ताजी भुकटी. धार लागतच नाही. खरखर आवाज येतो आणि आपण कडेला सरकत राहतो. पूर्ण वेळ नांगर धरून मांड्यांची लाकडं झाली. मागून जाणकार लोक सुर्रकन जवळून जात होते. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत, त्यांत खालच्या माणसाला सांभाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची. नियम मला पाठ आहे. पाठीमागून येणाऱ्या त्या आवाजाला तो पाठ आहे का, हे मात्र मानेला ठाऊक नसतं.

आणि एवढ्या हट्टाने वेग मारत गेलात की पुढे सपाटी येते. जे सरळ सोडून येतात ते त्या वेगावर पार होतात. नांगरवाले मधोमध थांबतात आणि काठ्यांनी वल्हवत बसतात. म्हणजे घाबरल्याची शिक्षा दोनदा. मी वल्हवत असताना एक निळा राजपुत्र मला ओलांडून गेला. तोच असावा, बर्फ खाणारा.

आल्मेंडच्या स्टेशनावर मी स्की काढल्या. या वाटेची हीच माया आहे, दमलात तर मधेच गाडी मिळते आणि स्कीचा पास तिथे चालतो. बाकावर बसून बर्फ झटकत होते तेव्हा नवरा म्हणाला, “पण चढण पंचवीस टक्क्यांच्या आतच आहे.” मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे बोलला नाही. रात्री लेकीने जंगलातला तो रस्ता काळा केला आणि माझ्या सांगण्यावरून त्यावर आणखी एकदा काळा.

बुधवार

रात्रभर बर्फ पडून सकाळी आभाळ निळंशार. लाउबरहॉर्नला नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टमध्ये बसलो.

खेळाच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल. १९३० पासून जवळजवळ दरवर्षी जानेवारीत इथे शर्यत होते. सुमारे साडेचार किलोमीटर, विश्वचषकातल्या डाउनहिल शर्यतींत सगळ्यात लांब. अव्वल खेळाडू ती अडीच मिनिटांत संपवतात. २०१३ मध्ये फ्रान्सच्या योहान क्लारेचा वेग हानेग नावाच्या सरळ टप्प्यावर ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला. शर्यत संपली की तीच वाट तुमच्याआमच्यासाठी मोकळी होते. वानखेडेच्या खेळपट्टीवर कुणी आपल्याला टेनिस बॉल खेळू दिला तर काय वाटेल, तसं.

मला ही वाट आवडली ती तिच्या नावांमुळे. प्रत्येक वळणाला कुणाच्या तरी पडण्याची आठवण आहे. ‘ऑस्ट्रियनांचा खड्डा’ असा एक टप्पा आहे: १९५४ मध्ये टोनी सायलरसकट ऑस्ट्रियाचे नामांकित गडी तिथे एकामागून एक आडवे झाले. ‘कॅनेडियन कोपरा’ही तसाच. आपल्याकडे घाटातल्या वळणांना देवाची नावं असतात, इथे पडलेल्यांची. आणि सगळं गमतीचंही नाही. खाली शेवटच्या वळणांनंतर १९९१ मध्ये गर्नोट राइनश्टाडलर हा तरुण ऑस्ट्रियन खेळाडू जाळीत आदळून मरण पावला. तिथून जाताना आम्ही तिघेही गप्प होतो.

हुंडशॉप्फ, म्हणजे कुत्र्याची शेंडी. दोन खडकांमधली अरुंद फट, आणि तिच्या पलीकडे जमीन नाही. खेळाडू तिथून हवेत जातात. मी वरून डोकावले, पुरे झालं, आणि आमच्यासारख्यांसाठी असलेल्या बाजूच्या वाटेने आले. पुढे वाट रेल्वेच्या पुलाखालून जाते. मी पुलाखाली असताना वरून गाडी गेली. खिडकीतल्या कुणाला वाटलंही असेल, की ही बाई लाउबरहॉर्न उतरते आहे. उतरतच होते म्हणा. अडीच मिनिटांचं काम तासाभरात, चार थांबे आणि एक संत्रं धरून.

यातला तीव्र उताराचा भाग मला वाटला होता तेवढा भयंकर नव्हता. ताजा, घट्ट, धरणारा बर्फ, स्वच्छ ऊन आणि भरपूर रुंदी. दोन-तीन पायऱ्या सोडल्या तर मंगळवारच्या जंगलातल्या रस्त्यापेक्षा मी इथे सुखी होते. खेळाडूंसाठी अवघड असते ती लांबी: दोन मिनिटं गुडघे वाकवून आल्यावर शेवटच्या वळणांत पाय सांगितलेलं ऐकत नाहीत. ते मात्र मला मनापासून पटलं.

दुपारी बाप-लेक आयगरग्लेचरला काळ्या वाटेवर गेले. ‘ब्लॅक रॉक’ नाव. मी खाली उन्हात उभी राहून बघत होते. वरून एक लाल ठिपका सुबक वळणं घेत आला, माझ्यापाशी थांबला आणि म्हणाला, “बाबा येतोय.” बाबा येत होता. आधी वळत, मग आडवा घसरत, शेवटचे तीसेक मीटर बसून. एक स्की त्याच्याआधी पोचली होती. बाइंडिंग वेळेवर सुटलं, म्हणजे लेकीने सांगितलेलं वजन बरोबर होतं.

“नकाशा आईचा आहे,” तो संध्याकाळी आपण होऊन म्हणाला. “माझं काही रंगवायचं नाही.”

गुरुवार

सामान बारापर्यंत हलवायचं होतं. नवरा आवरत बसला, आम्ही दोघी सकाळच्या गाडीने पुन्हा क्लायनं शायडेगला. वाटेवर कुणी नव्हतं. रात्री विंचरलेल्या रेघा तशाच, पहिली आमचीच धार. वेंगेनआल्पपर्यंत मी बोलतही होते, उतरतही होते.

जंगलातला रस्ता आला. मी थांबले. काच नव्हती, धुकं नव्हतं. एक अरुंद, पांढरा, साधासुधा रस्ता होता. लेक पुढे गेली नाही, मागेच राहिली. मी नडगी पुढे दाबली आणि स्की सरळ सोडल्या. एका क्षणी वेग इतका वाढला की ‘पिझ्झा’ असा शब्द तोंडातून आला, पण पाय समांतरच राहिले. सपाटी आली, निम्मी पार झाली. उरलेली निम्मी वल्हवली. आल्मेंडला गाडी उभी होती; आम्ही तिच्या बाजूने खाली गेलो.

लाउटरब्रुनेनच्या फलाटावर लेकीने मांडीवर नकाशा उघडला आणि निळा पेन काढला. काळ्यावर निळा काही चढेना. तिने दाबून गिरवलं, थुंकी लावली, पुन्हा गिरवलं. तिथला कागद मऊ होऊन उचकटला आणि वेंगेनच्या वर बोटाच्या नखाएवढं भोक पडलं.

“आता?” ती म्हणाली.

इंटरलाकेनची गाडी आली होती. मी बूट, हेल्मेट, खिचडीचं पातेलं असं सगळं मोजत होते आणि नवरा एक पाय दारात ठेवून हाक मारत होता.